मिश्र मोहरीचा पाला घरच्या बागेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिश्र मोहरीचा पाला म्हणजे नेमके काय?

बियाण्याच्या पाकिटावर ‘मिश्र’ असा शब्द असला की आत एकाच भाजीच्या दोन-चार रंगांच्या बिया असतील, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात अशा पाकिटात बहुधा दोन निराळ्या प्रजाती एकत्र केलेल्या असतात. पहिली ब्रासिका जुन्सिया, म्हणजे खरी मोहरी. रेड जायंट, ओसाका पर्पल, ग्रीन वेव्ह, सदर्न जायंट कर्ल्ड, रूबी स्ट्रीक्स आणि गोल्डन फ्रिल्स हे तिचे पानांसाठी जोपासलेले वाण आहेत. दुसरी ब्रासिका रापा, म्हणजे सलगमाची प्रजाती. मिझुना, मिबुना, तात्सोई आणि कोमात्सुना या भाज्या सहसा तिच्यात धरल्या जातात.

या दोघींचे नाते जवळचे आहे. रापा आणि काळी मोहरी यांच्या नैसर्गिक संकरातून जुन्सिया निर्माण झाली, हे वू जांग-चुन या शास्त्रज्ञाने १९३५ साली गुणसूत्रांच्या आधारे मांडले. रापाच्या १० आणि काळ्या मोहरीच्या ८ जोड्या मिळून जुन्सियाच्या १८ जोड्या होतात. म्हणजे पाकिटातली एक प्रजाती दुसरीची आईच म्हणायची. मात्र आई आणि लेक यांची वाढीची गती, पानांची चव आणि उष्णता सोसण्याची ताकद सारखी नसते, आणि मिश्र पाला पिकवताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ याच फरकात असते.

स्वयंपाकघरातली मोहरी पेरली तर चालेल का?

उगवेल, पण पानांसाठी ती फारशी उपयोगी नाही. दाण्यासाठी निवडलेले वाण पानांवर जोर न देता लवकर दांडा काढतात, आणि त्यांची जून पाने लवदार व खरखरीत लागतात. आठ-दहा दिवसांत, दोन बीजदले (बियातून निघणारी पहिली दोन पाने) आणि फार तर एखादे कोवळे पान असतानाच कापून खायचे असेल, तर ही मोहरी उत्तम आणि सहज मिळणारी आहे. एक खबरदारी मात्र न चुकता घ्यावी. शेतीच्या पेरणीसाठी विकले जाणारे आणि बुरशीनाशकाचा रंगीत लेप दिलेले बी अशा कोवळ्या खाण्यासाठी कधीही वापरू नये.

पेरणी केव्हा करावी?

तारखेपेक्षा तापमान आणि दिवसाची लांबी पाहून ठरवावे. मातीचे तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअस असेल तर बी तीन ते सहा दिवसांत उगवते. ७-८ अंशांपर्यंतही ते उगवते, पण मग आठवडा-दोन आठवडे वाट पाहण्याची तयारी हवी. हवेचे तापमान १२ ते २२ अंशांच्या आसपास असताना पाने मऊ, रसदार आणि बेताची तिखट राहतात. रोपे चांगली रुजली असतील तर हलके दहिवर (गोठलेले दव) ती सहज सोसतात.

दिवस लहान होत जाण्याचा काळ या पिकाला सर्वांत मानवतो, कारण वाढत्या दिवसांबरोबर मोहरी फुलाकडे वळते. त्यामुळे उन्हाळा ओसरताना केलेली पेरणी उन्हाळ्याच्या तोंडावर केलेल्या पेरणीपेक्षा जवळजवळ नेहमीच सरस ठरते. दुसऱ्या हंगामात पेरायचेच असेल, तर मोठ्या पानांची आशा सोडून कोवळ्या पाल्यावर समाधान मानावे.

माती, कुंडी आणि ऊन किती लागते?

पाण्याचा निचरा होणारी, तरीही ओल धरून ठेवणारी माती असावी. सामू (पीएच) ६ ते ७.५ असल्यास उत्तम. कोवळ्या पाल्यासाठी १२ ते १५ सेंटिमीटर खोलीचा ट्रे पुरतो, पूर्ण वाढलेल्या रोपासाठी २० ते २५ सेंटिमीटर खोल कुंडी घ्यावी. थंड दिवसांत जितके ऊन मिळेल तितके द्यावे. उष्ण दिवसांत सकाळचे चार तास ऊन आणि दुपारनंतर सावली असेल अशी जागा निवडावी.

मिश्र बी पेरायचे कसे?

मोहरीवर्गीय बी गोल, गुळगुळीत आणि घरंगळणारे असते. एका ग्रॅममध्ये साधारण ४०० ते ६०० दाणे बसत असल्यामुळे नवशिक्याच्या हातून ते हमखास दाट पडते. एका चौरस मीटरला दोन ग्रॅम बी म्हणजे सुमारे हजार रोपे, आणि कोवळ्या पाल्यासाठी एवढी संख्या पुरेशी आहे. बी काढण्यापूर्वी पाकीट चांगले उलटसुलट करावे, कारण हाताळणीत बारीक दाणे तळाशी जातात आणि पहिल्या ओळीत एक जात तर शेवटच्या ओळीत दुसरी, असा प्रकार होतो. मग बियांच्या पाच-सहापट कोरडी बारीक रेती एखाद्या वाटीत मिसळून घ्यावी. पांढरट रेतीत तपकिरी आणि काळसर दाणे दिसत असल्याने किती बी पडले याचा अंदाज तिथेच येतो.

वाफा आधी भिजवून घ्यावा आणि नंतर पेरावे. हा क्रम उलटा केला तर पाण्याबरोबर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते. फोकून पेरण्यापेक्षा ७-८ सेंटिमीटर अंतराच्या उथळ ओळी काढणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण ओळीबाहेर उगवले ते तण, हे न चाचपडता कळते. बियांवर अर्धा ते एक सेंटिमीटर चाळलेली माती पसरून तळहाताने हलकेच दाबावी आणि उगवण होईपर्यंत बारीक छिद्रांच्या झारीने वरचा थर ओला ठेवावा.

मिश्रणातली एकच जात माजते आणि बाकीच्या नाहीशा होतात, असे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्यात दोष बियाण्याचा नसतो. एकदा मी मिश्र पाल्याचा एक ट्रे जाणूनबुजून न कापता वाढू दिला. पहिल्या दहा दिवसांत सगळी रोपे सारखीच दिसत होती, कारण मोहरीवर्गातल्या सर्वांचीच बीजदले पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची असतात. फरक होता तो देठांच्या रंगात, काही जांभळट आणि काही फिकट हिरवे. तिसऱ्या आठवड्यात मिझुनाची करवतीसारखी पाने सर्वांच्या डोक्यावर पसरली. पाचव्या आठवड्यात ती बाजूला सारून पाहिले, तेव्हा रेड जायंटची रोपे बोटभर उंचीची, पिवळट आणि वाकलेली होती, तर जमिनीलगत पसरणारी तात्सोई दोन-तीनच उरली होती. पाकिटातल्या सहा जातींपैकी ताटात येण्याजोगी एकच राहिली.

यावर तीन उपाय आहेत. पहिला आणि सोपा उपाय म्हणजे लवकर कापणे: रोपे १० ते १२ सेंटिमीटर उंच झाली की सगळा वाफा एकाच पातळीवर कापावा, म्हणजे उंच वाढणाऱ्यांचा वरचष्मा मोडतो आणि खालच्यांना ऊन मिळते. दुसरा उपाय विरळणीत पक्षपात करण्याचा आहे. जी जात बळकट दिसते तिचीच रोपे आधी उपटावीत. दुबळे रोप काढून सशक्त ठेवण्याची सवय इतर भाज्यांत योग्य असली, तरी मिश्र वाफ्यात तीच सवय मिश्रण संपवते. तिसरा उपाय असा की तयार मिश्रण न घेता जातींची बियाणी वेगवेगळी आणून शेजारशेजारच्या ओळींत पेरावीत आणि मिश्रण कापणीनंतर टोपलीत करावे. मोठी पाने हवी असणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवतो. मिश्र पाकिटाचे खरे सुख कोवळ्या पाल्यातच आहे.

विरळणी किती करावी?

कोवळा पाला हवा असेल तर रोपांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर चालते. मध्यम आकाराच्या पानांसाठी १० ते १५ आणि रेड जायंटसारख्या थोराड वाणांसाठी २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. ही विरळणी एकदम न करता दोन-तीन टप्प्यांत करावी, कारण उपटलेले प्रत्येक रोप खाण्याजोगे असते.

कापणी कशी करावी म्हणजे पाला पुन्हा फुटेल?

रोपाच्या मधोमध, जिथून नवी पाने निघतात तो गाभा वाचवणे एवढेच महत्त्वाचे आहे. जमिनीपासून तीन ते चार सेंटिमीटर उंचीवर धारदार कात्रीने कापल्यास बहुतेक जातींचा गाभा शाबूत राहतो. पसरट वाढणाऱ्या तात्सोईचा गाभा फार खाली असतो, तर दाटीत उंच ओढल्या गेलेल्या रोपांचा तो वर सरकलेला असतो, म्हणून पहिली कापणी करताना गुडघ्यावर बसून एकदा डोळ्यांनी खात्री करून घ्यावी. एका बाजूने मूठभर पाला धरून कापत गेल्यास काम सफाईने होते. उभ्याने ओरबाडल्यास सैल मातीतली रोपे मुळासकट हातात येतात.

पेरणीनंतर २० ते ३० दिवसांत पहिली कापणी मिळते, आणि त्यानंतर हवामान थंड असल्यास दर दोन-तीन आठवड्यांनी आणखी दोन कापण्या होतात. तिसरी कापणी पहिलीपेक्षा नेहमीच जाड आणि तिखट निघते. त्यामुळे एकाच वाफ्याकडून महिनोन्‌महिने अपेक्षा धरण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी हातभर लांबीची नवी ओळ पेरत राहणे श्रेयस्कर आहे. मोठी रोपे असतील तर बाहेरची पाने खुडावीत आणि प्रत्येक रोपावर किमान चार-पाच पाने शिल्लक ठेवावीत.

पाने फार तिखट झाली आहेत. काय करावे?

आधी हा तिखटपणा येतो कुठून ते पाहू. अखंड पानात सिनिग्रिन हे द्रव्य आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेले असतात. पान चावले किंवा चिरले की दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होते. ते हवेत उडून जाणारे असल्यामुळे झणका जिभेपेक्षा नाकात अधिक जाणवतो. किडीने पान कुरतडले तरी हीच क्रिया घडते. थोडक्यात, तिखटपणा ही झाडाची स्वसंरक्षणाची तयारी आहे. उष्णता, पाण्याची ओढ आणि पानाचे वय या तिन्हींमुळे तो वाढतो, म्हणून ओल सतत राखणे आणि पाने कोवळी असताना तोडणे हा बागेतला उपाय झाला.

स्वयंपाकातला उपायही याच रसायनावर बेतलेला आहे. उष्णतेने विकर निकामी होत असल्यामुळे अख्खी पाने उकळत्या पाण्यात टाकल्यास ती सौम्य लागतात. तीच पाने बारीक चिरून दहा मिनिटे ठेवली आणि मग शिजवली, तर झणका बराचसा आधीच तयार झालेला असतो. कच्ची खायची असतील तर मिझुना आणि तात्सोईची सौम्य पाने अधिक आणि लाल मोहरीची पाने थोडी, असे प्रमाण ठेवावे.

लाल पानांचा रंग पाकिटावरच्या चित्रासारखा का येत नाही?

लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि तो भरपूर ऊन व थंड रात्री यांच्या जोडीने गडद होतो. सावलीत किंवा उबदार हवेत तीच रोपे हिरवट राहतात, फक्त शिरांमध्ये तांबूस छटा दिसते.

झाडे लवकर फुलावर आली. आता ती वाया गेली का?

वाढता दिवस, उष्णता, पाण्याची ओढ किंवा उथळ कुंडीत मुळांची झालेली कोंडी यांपैकी कशानेही दांडा वर येऊ शकतो, आणि एकदा तो निघाला की खुडल्याने प्रक्रिया थांबत नाही, थोडी लांबते इतकेच. मात्र वाया काहीही जात नाही. कळ्यांसकट कोवळे दांडे आणि पिवळी फुले खाण्याजोगी असतात. पाने मात्र दांडा दिसल्यापासून झपाट्याने कडवट आणि राठ होतात, म्हणून ती त्याच दिवशी तोडून घ्यावीत. जागेची निकड नसेल तर एखादे झाड फुलू द्यावे, कारण मावा खाणाऱ्या किडींच्या प्रौढ माश्या आणि मधमाश्या या फुलांवर मोठ्या संख्येने येतात.

पानांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडतात. ही कोणती कीड?

ही करामत पिसू भुंगेऱ्यांची असते. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा, काळा चकचकीत आणि स्पर्श होताच पिसवेसारखी उडी मारणारा हा भुंगेरा कोरड्या, उबदार हवेत वाढतो. मोठ्या रोपाचे तो रूप बिघडवतो, पण दोन बीजदलांच्या अवस्थेतले रोप दोन दिवसांत संपवू शकतो, म्हणून संरक्षण उगवणीच्या आधीच हवे. पेरणीच्या दिवशीच वाफ्यावर ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी कमानींवर टाकून तिच्या कडा मातीत गाडाव्यात. एक चूक अनेकांकडून होते: मागच्या हंगामात जिथे कोबी, मुळा किंवा मोहरी होती त्याच वाफ्यावर जाळी टाकली जाते. या किडीच्या अळ्या मातीत मुळांवर जगत असल्याने अशा वेळी मातीतून निघणारे भुंगेरे जाळीच्या आतच कोंडले जातात, आणि त्यांना मोकळे रान मिळते.

इतर किडींत मावा सर्वांत चिवट आहे. तो पानाच्या मागे आणि शेंड्यात दाटीने बसतो. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो झटकून टाकावा, आणि मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील तर कोणतीही फवारणी करण्यापूर्वी चार दिवस थांबावे. काळसर अळी हात लागताच वेटोळे करून खाली पडत असेल, तर ती मोहरीवरील काळ्या माशीची अळी होय. हिरवी बारीक अळी धाग्याला लोंबकळत असेल आणि पानावर पारदर्शक खिडक्या उरत असतील, तर चौकोनी ठिपक्यांचा पतंग समजावा. दोन्ही अळ्या घरच्या वाफ्यात सकाळी हाताने वेचणे पुरेसे होते. कोवळा पाला कच्चा खायचा असल्याने रासायनिक कीटकनाशकांचा विचारही करू नये, असे माझे मत आहे. निंबोळी अर्क वापरलाच तर वेष्टनावर दिलेला कापणीपूर्व कालावधी पाळावा.

रोपे जमिनीलगत सडून आडवी होतात, किंवा पानांमागे पांढरे फोड दिसतात. हे काय आहे?

पहिला प्रकार रोपमर होय. दाट पेरणी आणि सतत चिखलट राहणारी माती ही त्याची कारणे आहेत, आणि विरळ पेरणी हेच त्यावर औषध आहे. पानाच्या मागे चुन्याच्या ठिपक्यांसारखे उठावदार फोड असतील तर तो पांढरा तांबेरा आहे. पानांवर पाणी रेंगाळल्याने तो पसरतो. रोगट पाने काढून टाकावीत, ती कंपोस्टमध्ये घालू नयेत, आणि पाणी सकाळी व बुडाशी द्यावे.

खत किती द्यावे?

पेरणीपूर्वी चौरस मीटरला दोन-तीन किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत मिसळल्यास कोवळ्या पाल्याला पुढे काही लागत नाही. प्रत्येक कापणीनंतर पातळ केलेले द्रवखत एकदा द्यावे. नत्राचा अतिरेक केल्यास पाने लुसलुशीत दिसतात खरी, पण त्यांत नायट्रेट साचते आणि मावाही अशाच पानांवर तुटून पडतो.

त्याच वाफ्यात पुन्हा मोहरी पेरावी का?

कोबी, फुलकोबी, मुळा, सलगम आणि मोहरी ही सर्व एकाच कुळातली असल्याने त्यांपैकी काहीही निघाल्यावर त्या जागी तीन वर्षे दुसऱ्या कुळातले पीक घ्यावे. यामागची मोठी भीती मुळांवर गाठी आणणाऱ्या रोगाची आहे. त्याचे बीजाणू मातीत पंधरा-वीस वर्षेही तग धरू शकतात आणि आम्लधर्मी, पाणथळ जमिनीत तो अधिक बळावतो. जागा कमी असेल तर मोहरी कुंड्यांत हलवावी आणि दरवेळी माती बदलावी.

तोडलेला पाला किती दिवस टिकतो, आणि तो कोणी जपून खावा?

सकाळी तोडून, गार पाण्यात धुऊन, पूर्ण निथळवून आणि कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्यास तो चार-पाच दिवस चांगला राहतो. या पाल्यात जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असते. त्यामुळे रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी त्याचे प्रमाण अचानक वाढवू अथवा कमी करू नये आणि आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

घरचे बी धरून पुढच्या वर्षी तेच मिश्रण मिळेल का?

नाही, आणि याचे कारण पुन्हा त्या दोन प्रजातींच्या स्वभावात आहे. खऱ्या मोहरीची फुले मुख्यतः स्वपरागित असतात, म्हणून एकट्या झाडालाही भरपूर शेंगा धरतात; तरी मधमाश्यांमुळे शेजारच्या वाणाशी थोडा संकर होतोच, आणि रेड जायंटच्या बियांतून पुढच्या वर्षी एखादे झालरदार, अर्धवट लाल रोप निघते. रापाच्या जाती याच्या उलट, स्वतःच्या परागाने सहसा फळत नाहीत. मिझुनाचे एकच झाड फुलायला सोडले तर त्यावर रिकाम्या, चिपट शेंगाच अधिक दिसतात, आणि चांगल्या बियांसाठी दहा-बारा झाडे एकत्र फुलावी लागतात. मिश्र वाफा तसाच फुलू दिला, तर पुढच्या पेरणीत मोहरीचे पारडे जड होते आणि मिझुना, तात्सोई मागे पडतात.

तरीही बी धरायचे असेल तर प्रत्येक वर्षी एकच जात फुलू द्यावी. खालच्या शेंगा तपकिरी झाल्या आणि वरच्या अजून हिरवट-पिवळ्या आहेत, अशा वेळी सकाळी दव असतानाच दांडे कापावेत, कारण दुपारच्या उन्हात शेंगा हात लागताच तडकतात. दांडे कागदी पिशवीत उलटे टांगून दोन आठवडे सुकवावेत, पिशवी चोळून बी मोकळे करावे आणि पाखडून घ्यावे. जातीचे नाव आणि वर्ष लिहिलेल्या हवाबंद बाटलीत, कोरड्या थंड जागी ठेवलेले हे बी तीन-चार वर्षे चांगले उगवते.